मनोऱ्यात पुस्तकं किती?

निखिल जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. त्याची मावशी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर लागली आणि उपग्रंथपाल म्हणून निवृत्त झाली. वयाकडे बघून कुणालाही वाटेल, भाचा संगणकाची बाजू घेणार आणि मावशी जुन्या दगडांची. आहे नेमकं उलट. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयावर निखिलने एक टिपण लिहायला घेतलं होतं. त्याची पहिली पानं त्याने मावशीला वाचून दाखवली आणि वाद पेटला. मी समोरच बसलो होतो. जे लक्षात राहिलं ते उतरवून काढलं आहे; मधला चहा आणि एकमेकांना मारलेले टोमणे बरेचसे गाळले आहेत.

मावशी: दोन पानं वाचलीस. त्यात प्रेमचंद रायचंद आले, स्कॉट आला, घड्याळ आलं, रंगीत काचा आल्या. पुस्तक एकही आलं नाही. हा ग्रंथालयाचा इतिहास म्हणायचा की बांधकाम खात्याचा?

निखिल: अगं, सुरुवातच तिथून होते, त्याला मी काय करू? अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात १८६४ च्या ऑगस्टमध्ये कापसाचे दलाल प्रेमचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख, आई राजाबाईंच्या नावाने मनोरा बांधायला. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदही बुडाले. गंमत बघ, त्या काळच्या सट्ट्यातल्या किती कंपन्या कागदावरच विरल्या, आणि हे दान तेवढं उभं राहिलं.

मावशी: कधी उभं राहिलं तेही सांग की.

निखिल: १८६९ मध्ये पायाभरणी, १८७८ च्या अखेरीस बांधकाम पुरं.

मावशी: आणि वाचकांना दार उघडलं १८८० मध्ये. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ ला. रानडे, भांडारकर पदवीधर झाले १८६२ ला. म्हणजे या विद्यापीठाने जी माणसं घडवली म्हणून आपण अजून छाती फुगवतो, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. कारण ते नव्हतंच. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये, कॉलेजच्या पुस्तकांवर.

निखिल: तेव्हा विद्यापीठ शिकवत कुठे होतं? लंडन विद्यापीठाचा नमुना होता. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचं काम कॉलेजांचं.

मावशी: तेच म्हणतेय मी! वर्ग नाहीत, वसतिगृह नाही, विद्यार्थी पसरलेले कराचीपासून धारवाडपर्यंत, आणि ग्रंथालय बांधलंय ओव्हल मैदानासमोर. धारवाडच्या पोराने काय करायचं? घड्याळाचे टोले ऐकायचे?

निखिल: तुला प्रेमचंदांच्या पत्रात काय आहे ते सांगतो. त्यांनी अशा आशयाचं लिहिलंय की ही वास्तू शहराचं भूषण व्हावी, आणि गतकाळातल्याच नव्हे तर पुढच्या अनेक पिढ्यांच्या विद्वत्तापूर्ण ग्रंथांचं ती भांडार व्हावी. पुढच्या पिढ्या! चालू वर्षीच्या धारवाडच्या मुलापुरता विचार त्यांनी केलाच नव्हता.

मावशी: भूषण आणि भांडार. बघ, दोन्ही शब्द आले, वाचक आला नाही.

(इथे मला वाटलं, मावशी जरा अन्याय करतेय. विद्यापीठाचे उदात्त हेतू साधावेत असंही त्या पत्रात आहे. पण उदात्त हेतू म्हणजे समोर उभा असलेला वाचक नव्हे, हेही खरंच.)

निखिल: तू कधी त्या वरच्या दालनात शांत बसली आहेस का? उंच लाकडी छत, पश्चिमेच्या काचांतून संध्याकाळी रंग जमिनीवर उतरतो. बाहेर मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, आपापल्या पेहरावात, आणि ते नमुने एका देशी इंजिनियरने घडवले, रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी. वास्तुकार स्कॉट तर भारतात कधी आलाच नाही. आराखडे लंडनहून आले, कुर्ल्याचा दगड इथल्या हातांनी घडवला. दोनशे ऐंशी फूट उंची. माणूस आत शिरतो तोच जरा आवाज खाली करून. हे काम इमारतच करते, नियमांची पाटी नाही करत.

मावशी: बसले आहे. डोळे दिपतात. पण पश्चिमेचं ऊन आणि समुद्राची दमट हवा, कागदाचे याहून मोठे वैरी कोण? मी पुस्तकांच्या बाजूने बोलतेय. उन्हाच्या बाजूला मांडणी असली की पुठ्ठ्याचा कणा आधी फिका पडतो, मग कण्यावरचा वर्गांक वाचता येईनासा होतो, आणि मग ते पुस्तक जागेवर असूनही हरवतं. तू काच बघतोस. मी तो पुसट झालेला वर्गांक बघते.

निखिल: स्कॉटबद्दल अजून एक गोष्ट आहे, ती तुला आवडेल. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा नातू जाइल्स. त्यानेही विद्यापीठांची ग्रंथालयं बांधली. केंब्रिजचं १९३४ चं, आणि ऑक्सफर्डचं न्यू बोडलियन, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचं. केंब्रिजच्या इमारतीलाही मधोमध उंच मनोरा आहे.

मावशी: त्या मनोऱ्यात काय आहे?

निखिल: (जरा थांबून) पुस्तकं. मजल्यावर मजले, पुस्तकांचे.

मावशी: आणि आजोबांच्या मनोऱ्यात घंटा! झालं की मग. दोन पिढ्यांत ग्रंथालय किती वाढलं ते तूच सांगितलंस.

ती मनापासून हसली. निखिललाही हसू आवरलं नाही, पण हार मानायची त्याची तयारी नव्हती. त्याने ऑक्सफर्ड धरून ठेवलं.

निखिल: बरं, ऑक्सफर्डचंच घेऊ. तुमच्या खात्यात निर्लेखन नावाचा जो प्रकार चालतो ना, जुनी, कुणी न नेलेली पुस्तकं यादी करून रद्दीत काढायची, त्याचा सगळ्यात महागडा किस्सा तिथला आहे. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह छापला गेला १६२३ मध्ये. लंडनच्या पुस्तक व्यावसायिकांच्या संघाशी बोडलियन ग्रंथालयाचा करार होता, त्याप्रमाणे एक प्रत आली. बांधणी झाली, साखळीने बांधून ठेवली. चाळीसेक वर्षांनी नवी, जास्त नाटकं असलेली आवृत्ती आली, तेव्हा जुनी प्रत अनावश्यक ठरवून काढून टाकली. १९०५ मध्ये एका घरंदाज कुटुंबातला तरुण जुन्या पुस्तकाच्या बांधणीबद्दल सल्ला घ्यायला म्हणून ते ग्रंथालयात घेऊन आला, आणि बांधणीवरून ओळख पटली की हीच ती प्रत. परत मिळवायला किती मोजावे लागले? तीन हजार पौंड. वर्गणी काढून. म्हणून म्हणतो, काढून टाकू नका. आज न लागणारं उद्या लागतं.

मावशी: किस्सा मला ठाऊक आहे, आणि तू त्यातलं निम्मंच सांगितलंस. त्या प्रतीची पानं कुठली झिजलीयत?

निखिल: रोमिओ-ज्युलिएटची.

मावशी: सज्ज्यातला प्रवेश जिथे आहे ती जास्तच. म्हणजे त्या काळची पोरं, साखळीला बांधलेल्या पुस्तकावर कोपर टेकवून, तेच पान पुनःपुन्हा वाचत होती. संस्थापक बोडलीला नाटकांसारखी फालतू पुस्तकं ग्रंथालयात नकोच होती. ग्रंथालयाने नंतर ते पुस्तक विकूनही टाकलं. ते मोलाचं आहे हे कळलेलं होतं फक्त वाचणाऱ्यांना. तू ही गोष्ट जतनाची म्हणून सांगतोस. मी म्हणते, वापराचा इतका जुना, इतका सज्जड पुरावा दुसरा दाखव.

निखिल: विकलं नसतं तर दोन्ही साधलं असतं.

मावशी: मान्य. पण सगळं ठेवायला जागा कोण देणार? जागा म्हटली की तू परत मनोरा बांधशील.

यानंतर बोलणं बोडलियनच्या उधार न देण्याच्या नियमाकडे वळलं. राजा पहिला चार्ल्स याने १६४५ मध्ये एक पुस्तक मागितलं, तेव्हा ग्रंथपालाने त्यालाही नाही म्हणून सांगितलं, हे निखिलने मोठ्या कौतुकाने सांगितलं. मावशीला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. राजाला नकार देणं सोपं, ती म्हणाली, तो परत येत नाही. विद्यार्थ्याला दिलेला नकार दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी येऊन उभा राहतो.

मावशी: तुम्ही लोक आत काय ठेवलं ते सांगता. मी विचारते, आत कुणाला घेतलं? कॉर्नेलिया सोराबजी. नाशिकला जन्मलेली, डेक्कन कॉलेजात शिकलेली, १८८८ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. पुढच्या वर्षी कायदा शिकायला ऑक्सफर्डला गेली. तिथे ऑल सोल्स कॉलेजचं कॉड्रिंग्टन ग्रंथालय, कायद्याच्या पुस्तकांसाठी नावाजलेलं. १८९० मध्ये कॉलेजच्या प्रमुखाने तिला तिथे बसून वाचायची परवानगी दिली. त्याआधी एकाही बाईला ती मिळालेली नव्हती. माझ्या हिशेबी त्या ग्रंथालयाच्या वाढीतलं हे साल मोठं. नवा विभाग बांधला ते साल नव्हे.

निखिल: एका बाईने एका खुर्चीवर बसणं म्हणजे वाढ?

मावशी: हो. रंगनाथन तेच सांगत आले. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं, तेव्हा ते गणित शिकवत होते. सुरुवातीला तर कंटाळले, परत वर्गात पाठवा म्हणाले. मग लंडनला गेले, तिथली ग्रंथालयं बघितली, आणि आल्यावर आधी काय केलं असेल तर कपाटं उघडी केली. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे ते पाच नियम छापले. पहिला नियम, पुस्तकं वापरासाठी आहेत. इतकं साधं वाक्य नियम म्हणून छापावं लागलं, यावरून समज त्याआधी काय चाललं होतं.

निखिल: आणि तुझ्या इथे?

मावशी: आमच्याकडे मी लागले तेव्हा बंद पद्धत होती. वाचकाने कार्डांचे खण उपसायचे. त्या खणात खालून पितळेची सळई ओवलेली असायची, कार्ड कुणी उचलून नेऊ नये म्हणून. वर्गांक उतरवून घ्यायचा, मागणी-चिठ्ठी भरायची, ती शिपायाच्या हाती द्यायची. मुरलेले विद्यार्थी एका वेळी तीन-तीन चिठ्ठ्या भरायचे. कारण अर्ध्या तासाने शिपाई खाली यायचा आणि दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असायचं, ‘जागेवर नाही’. पुस्तक आत असायचंच. चुकीच्या फळीवर. पण त्या दोन शब्दांनी एखाद्याचा अख्खा प्रबंध अडलेला मी बघितलाय. मुक्तद्वार करा म्हटलं तर वरिष्ठ म्हणायचे, पुस्तकं चोरीला जातील. शेवटी कपाटं उघडलीच.

निखिल: गेली नाहीत?

मावशी: गेली की. त्याहून वाईट झालं. परीक्षेच्या तोंडावर कायद्याच्या अहवालांतली पानं ब्लेडने कापून नेली पोरांनी. कड इतकी सरळ की बांधणी उघडून बघेपर्यंत कळायचं नाही. तरीसुद्धा कपाटं परत बंद करायची वेळ आली तेव्हा मी विरोधातच मत दिलं.

निखिल: हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

मावशी: विचारलं कुणी?

निखिलने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग त्याने जे काढलं ते मला त्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार बोलणं वाटलं. मावशीलाही वाटलं असावं, कारण मध्ये न तोडता तिने पुरतं ऐकून घेतलं.

निखिल: असफ फैजी. कायद्याचे मोठे अभ्यासक, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. सुलेमानी बोहरा घराण्यातले. इस्माइली पंथाची हस्तलिखितं शतकानुशतकं त्या त्या जमातीच्या आतच राहिली. बाहेरच्याला दाखवायची नाहीत, नक्कल करू द्यायची नाही, कित्येकदा जमातीतल्या सामान्य माणसालाही नाही. फातिमी काळातला कायदा, तत्त्वज्ञान, इतिहास, सगळं पेट्यांत बंद. फैजींनी स्वतः त्यातल्या काझी नुमान यांच्या दहाव्या शतकातल्या ‘दआइम अल्-इस्लाम’ या कायद्याच्या ग्रंथाची संपादित आवृत्ती कैरोहून काढली. आणि आपल्याकडची हस्तलिखितं दिली कुणाला? मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. म्हणजे जे गुप्त ठेवायचं होतं ते त्यांनी सगळ्यात उघड्या जागी नेऊन ठेवलं. असं माणूस कुठे देतो? भाड्याच्या दोन खोल्यांत नाही देत. जिथे शंभर वर्षांनीही छप्पर असेल असं वाटतं तिथे देतो. तुझ्या वाचकाला आत घ्यायचं ते ठीक. पण देणाऱ्याचा विश्वास बसायलाही काहीतरी लागतं ना? तो दगड त्यासाठी आहे.

मावशी: (थोड्या वेळाने) हे टिपणात आहे का?

निखिल: अजून नाही.

मावशी: मग काचा काढ आणि हे घाल. आणि पुढचंही घाल. फैजींनी दिलं म्हणून ती हस्तलिखितं जगाला मिळाली नाहीत. १९६५ मध्ये गोरियावाला यांनी त्यांची वर्णनात्मक सूची केली आणि विद्यापीठाने ती छापली, तेव्हा मिळाली. त्याआधी १९३५ मध्ये अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली होती. १९४४ मध्ये संस्कृत-प्राकृतची देवस्थळींनी केली, भगवतसिंहजी आणि भडकमकर या दोन संग्रहांची. अशा सूचीचं काम कसं असतं माहीत आहे? एकेक पोथी सोडायची, पानं मोजायची, आकार मोजायचा, एका पानावर ओळी किती ते लिहायचं, सुरुवात उतरवायची, शेवट उतरवायचा, लेखनिकाचं नाव, शक, संवत, हिजरी जे असेल ते. मधलं पान नसेल तर तसं नोंदवायचं. वर्षं जातात. उद्घाटनाला पाहुणे नसतात. आणि लाइडनमधला किंवा काशीचा अभ्यासक मुंबईला पत्र पाठवतो ते त्या सूचीतला क्रमांक वाचूनच. इमारत बघून दाता येतो रे, वाचक येतो तो यादी वाचून.

निखिल: म्हणजे दोन्ही लागतं.

मावशी: असं गुळमुळीत लिहू नकोस. यादीवर किती खर्च झाला आणि घड्याळावर किती, ते शोध.

मग बोलण्याची गाडी कालिन्याला गेली. तिथल्या विद्यानगरी संकुलात पदव्युत्तर विभाग हलले, तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आलं, आणि फोर्टमधल्या दालनाचा रोजचा वाचक पातळ झाला. निखिलच्या मते तिथून फोर्टच्या ग्रंथालयाची वारसास्थळ म्हणून दुसरी पाळी सुरू झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून जीर्णोद्धार झाला, २०१८ मध्ये ओव्हलभोवतालचा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कापसाच्या दलालाने बांधलेलं सॉफ्टवेअर कंपनीने सावरलं, ही त्याची आवडती ओळ होती. मावशीला ती ओळही चमकदार वाटली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

मावशी: विद्यापीठाने शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्याला ग्रंथालयाची खरी गरज पडली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची, ग्रंथालयं-प्रयोगशाळा चालवायची मुभा दिली. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडीस आले, मग घुर्ये. संशोधन करणारी पोरं आली की पुस्तकं मागतात, मागितली की घ्यावी लागतात. जिथे विभाग, तिथे ग्रंथालय. कालिन्याची इमारत कुणी कॅलेंडरवर छापणार नाही. पण वर्ग सुटला की पाच मिनिटांत आत पोचता येतं. मला ती जास्त आवडते.

निखिल: आणि आता तर आत पोचायचीही गरज नाही. तुझ्या मताप्रमाणे हा तर सुवर्णकाळ. केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना आणली. तीन वर्षांना सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाला आयआयटीतल्याइतकंच दिसणार. धारवाडच्या पोराचा प्रश्न सुटला.

मावशी: पुष्कळसा सुटला, आणि मला त्याचा आनंदच आहे. एका परदेशी नियतकालिकाच्या वर्गणीत आमचा सगळा मराठी विभाग वर्षभर चालला असता, अशा याद्यांवर मी सह्या केल्यात. ते दरवर्षी कुठलं तोडायचं याच्या बैठका असायच्या, त्यात मराठीच आधी तुटायचं.

निखिल: पण हे विकत घेतलेलं नाही ना? वर्गणी आहे. ती थांबली की जुने अंकही दिसतील याची खात्री काय? छापील अंक एकदा फळीवर आला की प्रकाशक बुडाला तरी तो तुझाच. तुझ्या या सुवर्णकाळात ग्रंथालयाच्या मालकीचं राहिलं काय?

मावशी: (हात उडवत) आता बोललास. याचं उत्तर माझ्याकडे नाही. करारात काय लिहिलंय त्यावर आहे, आणि ते करार मी वाचलेले नाहीत.

निखिल: आणि त्या तेरा हजारांत मराठी किती असतील?

मावशी: ते विचारूच नकोस.

इथे दोघंही थोडे थकले होते. मी विचारलं, मावशी, तुमच्या वडिलांच्या कपाटातल्या त्या बांधीव अंकांचं पुढे काय करणार आहात? मासिकांचे बरेच जुने खंड आहेत, काहींवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. प्रश्न निरुपद्रवी वाटला होता, पण निखिल लगेच सरसावला.

निखिल: विद्यापीठाला दे. नावाने कपाट करतील.

मावशी: नावाने कपाट! असल्या किती भेटी मीच परत पाठवल्यात, तुला कल्पना नाही. मुलं टेंपो करून घेऊन येतात, वडिलांचा संग्रह म्हणून. निम्मं आमच्याकडे आधीच असतं, पाव भागाला कसर लागलेली असते, आणि नोंदवायला माणूस नसतो. घेतलं तर पोती वर्षानुवर्षं जिन्याखाली. त्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं.

निखिल: मग स्वतःच्या वडिलांचं काय करणार, रद्दीत घालणार?

मावशी: अजिबात नाही. आधी यादी करायची. कुठलं मासिक, कुठलं साल, कुठला अंक नाही, कव्हर आहे की बांधणीवाल्याने फाडून टाकलंय. मग त्या यादीवरून बघायचं, कुणाकडे कुठला खंड कमी आहे. ज्याच्याकडे नाही त्याला तेवढाच द्यायचा.

निखिल: संग्रह फुटेल.

मावशी: फुटू दे. भिवंडीत एक गेला, नागपुरात दोन गेले तरी चालतील. लागेल तिथे जावेत.

निखिल: पण पेन्सिलीच्या खुणा? त्या सगळ्या मिळून एका माणसाचं वाचन आहे, मावशी. ते एकदा वाटलं गेलं की परत कसं जुळवणार?

मावशी: खुणाही यादीत घाल. पान क्रमांकासकट.

निखिल: मी घालू?

मावशी: मग कोण? मला चष्म्यातून पेन्सिल दिसत नाही. शनिवारी ये, आणि येताना रेघांची मोठी वही आण. संगणकावर मागाहून चढव.

निखिल: संगणकावरच सरळ करू की.

मावशी: नाही. आधी वहीत.

आणि त्यावरून पुन्हा सुरू झालं.